भिंतीवरची यशोधरा



या सदरात आपण बहुतेक वेळा शिष्यवृत्तीचे, नोकरीतल्या अनुशेषाचे, विहारांच्या जागांचे प्रश्न बोलतो. आज मात्र जपानमधल्या लाकडी ठशांच्या चित्रांविषयी लिहिणार आहे. हेमलकसासारख्या जंगलातल्या गावात बसून जपानी चित्रांच्या गप्पा कशाला, असे कुणी म्हणेल. पण ही चित्रे जुन्या ग्रंथांवरून, जुन्या कवितांवरून काढलेली आहेत. ग्रंथातली गोष्ट चित्र होऊन घराच्या भिंतीवर येते तेव्हा तिचे काय होते, हा प्रश्न तुमच्या-माझ्या प्रत्येक बौद्ध घराचा आहे.

ठसा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. शाळेत आपण सगळ्यांनी भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर फुले उमटवली आहेत. आम्हा कारकुनांच्या टेबलावरचा गोल शिक्काही ठसाच. त्यावर अक्षरे उलटी कोरलेली असतात आणि कागदावर सुलटी उमटतात. जपानमध्ये हेच काम फार बारकाईने होत असे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषा काढी. तो कागद रानचेरीच्या गुळगुळीत फळीवर पालथा चिकटवत आणि कोरणारा कारागीर रेषा तेवढी उंच ठेवून बाकीचे लाकूड खणून काढी. त्या कोरण्यातच चित्रकाराचे मूळ चित्र नाहीसे होई. पुढे प्रत्येक रंगाला वेगळी फळी लागे. रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक फळीवर एक काटकोनी खाच आणि एक सरळ खाच ठेवत, आणि कागद त्या दोन खाचांना टेकवूनच छापत. यंत्र कुठलेच नव्हते. बांबूच्या कोंबाला आपल्याकडे वास्ते म्हणतात. त्या कोंबावरच्या पापुद्र्यात गुंडाळलेली एक चपटी गादी हातात धरून छापणारा कागदाची पाठ घाशी आणि चित्र उमटे. अशी पूर्ण रंगीत चित्रे १७६५ च्या सुमारास निघू लागली. साध्या चित्राची किंमत रस्त्यावरच्या शेवयांच्या एक-दोन वाडग्यांइतकी असे. त्यामुळे ती हमालाच्या घरीही जाऊ शकत.

चित्रावर चित्रकाराचे नाव असे, प्रकाशकाची खूण असे. कोरणारा आणि छापणारा मात्र बहुतेक वेळा अनामिकच राहिला. हे वाचताना आपल्याला नवल वाटायला नको.

छपाईच्या या कलेचे मूळ धम्मात आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. जपानची सम्राज्ञी शोतोकू हिने आठव्या शतकात दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवून घेतले आणि प्रत्येकात बौद्ध धारणीचा एक छापील कागद ठेवला. ७७० साली ते काम पुरे झाले. त्यांतले हजारो स्तूप होर्यूजी विहारात आजही आहेत. चीनमधला वज्रच्छेदिका सूत्राचा छापील ग्रंथ ८६८ सालचा आहे. ज्याच्यावर तारीख आहे असा जगातला सर्वांत जुना पूर्ण छापील ग्रंथ तोच. त्याच्या सुरुवातीला तथागत सुभूतीला उपदेश करत असल्याचे चित्र आहे. एका उपासकाने आई-वडिलांच्या नावे, फुकट वाटण्यासाठी तो छापवून घेतला होता. आपल्याकडे पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुस्तिका वाटतात, ती रीत इतकी जुनी आहे.

आता ग्रंथांवरच्या चित्रांकडे येऊ. जपानच्या साहित्यात सर्वांत मोठा मान ज्या ग्रंथाला आहे तो एका बाईने लिहिला. मुरासाकी शिकिबू ही राजदरबारात राहणारी स्त्री. सुमारे हजार वर्षांपूर्वी तिने गेंजी नावाच्या राजपुत्राची चोपन्न प्रकरणांची कथा लिहिली. त्या काळी विद्वान पुरुष चिनी भाषेत लिहीत. स्त्रिया बोलीतले शब्द उच्चारासारखे लिहिता येतील अशा काना लिपीत लिहीत, आणि त्या लिपीला बायकी म्हणून कमी लेखले जाई. पुढे त्याच लिपीतला ग्रंथ देशाचे भूषण ठरला. तथागतांनी लोकांच्या भाषेतच धम्म सांगण्याचा आग्रह धरला होता, त्याची इथे आठवण होते. एकोणिसाव्या शतकात तानेहिको नावाच्या लेखकाने या कथेचा नवा अवतार लिहायला घेतला आणि कुनिसादा या चित्रकाराने त्याला चित्रे काढली. १८२९ पासून त्याचे भाग निघत होते आणि लोकांच्या त्यावर उड्या पडत होत्या. १८४२ मध्ये सरकारने करड्या फर्मानांच्या लाटेत ते बंद पाडले. लेखकही त्याच वर्षी वारला.

खरे सांगायचे तर राजवाड्यातली, रेशमी वस्त्रांची ही चित्रे मला फार वेळ धरून ठेवत नाहीत. मला थांबवले ते होकुसाईने. समुद्राच्या प्रचंड लाटेखाली सापडलेल्या होड्यांचे त्याचे चित्र आपण कुठे ना कुठे पाहिलेले असते. १७६० मध्ये आजच्या टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एदो शहरात तो जन्मला. चित्रकार होण्याआधी, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, तो फळ्या कोरण्याचे काम शिकला होता. कारागिराचा हात काय असतो हे त्याला ठाऊक होते.

जपानात शंभर कवींची एकेक कविता घेऊन केलेला एक संग्रह आहे. तेराव्या शतकातला. कवी बहुतेक सम्राट, राण्या, सरदार, दरबारी आणि मोठे भिक्षू. पोरासोरांना तो पाठ असतो. १८३५-३६ च्या सुमारास होकुसाईने त्यावर चित्रे काढायला घेतली आणि मालिकेला नाव दिले ते असे, की एक म्हातारी दाई चित्रांतून या कविता समजावून सांगते आहे. दरबारी कविता दाईच्या तोंडी! योजना शंभरांची होती, छापून निघाली सत्तावीसच. त्या वर्षांत जपानात मोठा दुष्काळ चालला होता.

या चित्रांत कोण आहे ते पाहा. एका कवीने एकट्याने काढलेल्या लांबलचक रात्रीचे दुःख सांगितले, पक्ष्याच्या लांब शेपटीसारखी लांब रात्र. होकुसाईने कवीला मध्यावर बसवलेच नाही. त्याने कोळी काढले, पाण्यातून जड जाळे ओढत निघालेले. हद्दपार झालेल्या एका सरदाराने समुद्रातल्या मासेमारी होड्यांना उद्देशून कविता केली. चित्रात त्या होडीभोवती खोल बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या कष्टकरी बायका आहेत. एका सम्राज्ञीने डोंगरावर वाळणारी पांढरी वस्त्रे पाहून उन्हाळा आल्याचे म्हटले. होकुसाईने ती वस्त्रे वाहून नेणारी माणसे काढली. राणीला कापड दिसले, दाईला ते कापड धुणारे हात दिसले, इतकाच फरक. आणि एका कवीने हिवाळ्यातल्या डोंगरी गावाचे एकटेपण सांगितले, तर चित्रात झोपडीबाहेर शिकारी मोठी शेकोटी करून अंग शेकत आहेत. हे चित्र मी रविवारच्या आमच्या मुलांच्या वर्गात मोबाईलवर दाखवले. माडिया पाड्यांवर माघातल्या पहाटे काय असते हे ती मुले रोज पाहतात. एकटेपणाची कविता आहे असे सांगितल्यावर त्यांतल्या एकाने विचारले, "इतके जण शेकोटीला बसलेत, मग एकटे कोण?" मला वाटते होकुसाईलाही हेच विचारायचे असावे.

तरी जपानचे गोडवे गाऊन मोकळे होण्यात अर्थ नाही. या चित्रांच्या कागदावर रंग पसरू नये म्हणून आधी तुरटी घातलेल्या सरसाचा हात देत. सरस म्हणजे जनावरांचे कातडे उकळून काढलेला डिंकासारखा पदार्थ. कातड्याचे काम जपानात कोण करी? ज्यांना गावाबाहेर ठेवले होते ते. त्यांना हिणवण्यासाठी जो शब्द होता त्याच्या लिपीचिन्हांचा अर्थच मुळी 'खूप विटाळ' असा होतो. दरबारी कवितेच्या चित्रालाही त्यांचा सरस चाले, त्यांचा स्पर्श तेवढा चालत नसे. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा भेद कागदावर मिटवला. मनातला मिटला नाही, म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्या समाजाने सुईहेइशा, म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणारी संघटना, उभी केली. महाडच्या चवदार तळ्याच्या आधी पाच वर्षे. आणि हे बुद्धाला मानणाऱ्या देशात! तिथे काही बौद्ध मंदिरांनी या समाजातल्या मेलेल्या माणसांना दिलेल्या धर्मनावांतसुद्धा हीनपणाची चिन्हे घातली आणि ती थडग्याच्या दगडांवर कोरली गेली. बुद्धाची मूर्ती समोर असली म्हणजे बुद्धाचा विचार घरात आला असे होत नाही, याचा याहून कडू पुरावा मला माहीत नाही.

आता होकुसाईच्या ज्या कामासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. १८४५ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीच्या आसपास, त्याने शाक्यमुनींच्या चरित्राला चित्रे काढली. यामादा इसाई नावाच्या लेखकाचा मजकूर, सहा भाग, सगळी चित्रे काळ्या शाईतली. ताकद अशी की पान उलटताना डोळा दिपतो. पण त्यात राक्षस आहेत, अक्राळविक्राळ प्राणी आहेत, आकाशातून फुटणारे किरण आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला ते जसेच्या तसे गिळता येणार नाही. एका चित्रात शाक्यांचा संहार करणाऱ्या राजा विडूडभाचा शेवट आहे, विजेच्या कल्लोळात. या राजाची पाली कथा आपल्यापैकी थोड्यांना माहीत असते. कोसलच्या प्रसेनजिताने शाक्यांची मुलगी मागितली. कुळाच्या गर्वापायी शाक्यांनी एका दासीची मुलगी राजकन्या म्हणून पाठवली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी आला तेव्हा तो बसलेले आसन त्यांनी दुधाने धुतले. ते त्याच्या कानावर गेले आणि पुढे सत्ता हाती येताच त्याने शाक्यांचा नाश केला. जन्माच्या गर्वाने एक गणराज्य बुडाले. होकुसाईने शेवटची वीज काढली. मी चित्रकार असतो तर दुधाने धुतले जाणारे ते आसन काढले असते.

चित्रकार जो ग्रंथ समोर ठेवतो, चित्र त्याचे होते. होकुसाईसमोर चमत्कारांनी भरलेले चरित्र होते. आपल्यासमोर दुसरा ग्रंथ आहे. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी विचारले आहे की सिद्धार्थाने गृहत्याग का केला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून केला, हे उत्तर त्यांनी नाकारले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटण्यासारखे नाही. बाबासाहेबांनी सांगितलेले कारण रोहिणी नदीच्या पाण्याचे आहे. शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या मधून ती नदी वाहत होती आणि पाण्यावरून भांडण पेटले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उभा राहिला, त्याने विरोध केला, तो मतांनी हरला, आणि लढायला येण्यासही त्याने नकार दिला. संघ त्याच्या घरच्यांवर सामाजिक बहिष्कार घालू शकत होता, त्यांची जमीन जप्त करू शकत होता. घरच्यांवर ती पाळी येऊ नये म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या पत्करली. सामाजिक बहिष्कार हा शब्द वाचताना आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो, कारण आपल्या गावांनी तो भोगला आहे.

आणि यशोधरा? बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ तिला सगळे सांगतो. ती रडून कोसळत नाही. त्याचा निर्णय योग्य आहे असे म्हणते, संमती देते, आणि राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही परिव्रज्या घेतली असती असे सांगते. सिद्धार्थ रात्री चोरपावलांनी जात नाही. कपिलवस्तूतल्या भारद्वाजाच्या आश्रमात, लोकांच्या समक्ष, तो परिव्रज्या घेतो.

आता आपल्या भिंतींकडे पाहू. आपल्या भागात घरोघरी देवांच्या तसबिरी पोहोचल्या त्या छापखान्यामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछपाईचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुराणातल्या देवता, कालिदासाची शकुंतला, सगळे स्वस्त छापील चित्रांत आले. ज्या देवळाच्या पायरीवर आपल्या पूर्वजांना पाय ठेवता येत नव्हता त्या देवळातला देव तसबिरीतून त्यांच्या झोपडीत शिरला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने त्याच तसबिरी खुंटीवरून काढल्या आणि नदीत सोडल्या. मोकळ्या झालेल्या खुंटीवर बाबासाहेब आणि तथागत आले. माझ्या मते ती क्रांती भाषणांइतकीच मोठी होती, आणि ती घरातल्या बायकांनी केली.

पण पुढे काय झाले? बाबासाहेबांचा ग्रंथ कपाटात आला, वर्षावासात त्याचे वाचन सुरू झाले, आणि भिंतीवरची चित्रे मात्र जुन्याच ग्रंथाची राहिली. बुद्धजयंतीला बाजारात मिळणारी बुद्धचरित्राची चित्रे पाहा. रथातला राजपुत्र आणि वाटेवरचे प्रेत. मध्यरात्रीचा महाल, कुशीत बाळ घेऊन झोपलेली यशोधरा आणि दाराशी पाठमोरा सिद्धार्थ. रोहिणीच्या वादात उभा राहून नाही म्हणणाऱ्या सिद्धार्थाची तसबीर मी आजवर कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही. आमच्या वर्गातल्या आठवीच्या मुलीने हेच पकडले. ग्रंथवाचन झाल्यावर तिने भिंतीकडे बोट करून विचारले, "सर, पुस्तकात तर ते तिला सांगून गेले. मग चित्रात ती झोपलेली का?"

मी तिला सांगितले की चित्र काढणाऱ्याने जुना ग्रंथ वाचला, बाबासाहेबांचा वाचला नाही. ती म्हणाली, मग आपण काढू.

हे इतके सोपे नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसले. रानचेरी इथे नाही. साग आहे, पण तो कोवळ्या हातांना कोरायला कठीण. शेवटी मुलांनीच वाट काढली. जुन्या रबरी स्लिपरचा तळवा ब्लेडने छान कापला जातो. त्यावर उलटे चित्र काढायचे, रेषा ठेवून बाकीचे रबर खरवडायचे, आणि शिक्क्याच्या शाईने वहीच्या कागदावर उठवायचे. (कागदाची गंमत अशी की या दोन जिल्ह्यांतला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला, आणि ज्यांनी तो तोडला त्यांच्या घरात वही फार उशिरा आली.) पहिली तीन अक्षरे उलटीच उमटली. चौथ्या वेळी जमले.

पहिले चित्र रोहिणीचे केले. मुलांनी रोहिणी पाहिलेली नाही, त्यांनी इंद्रावती पाहिली आहे. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम तिला मिळतात, आणि तिच्या पलीकडचा काठ छत्तीसगडचा. तेव्हा चित्रातली नदी रुंद आहे, तिच्यात लाकडी डोंगा आहे, दोन्ही काठांवर भाले घेतलेली माणसे आहेत. मध्ये एकटा उभा असलेला तरुण आहे, ज्याच्या हातात काही नाही. त्याचा चेहरा इथल्या पोरांसारखाच झाला आहे. तो दाखवल्यावर एका वडीलधाऱ्या उपासकांनी मान हलवली. म्हणाले, भगवंतांचा चेहरा असा नसतो. मी त्यांना अजिंठ्याची आठवण दिली. तिथल्या जातककथांच्या चित्रांत त्या काळच्या माणसांचेच कपडे, दागिने आणि घरे आहेत. योशिदा हिरोशी हा जपानी चित्रकार १९३०-३१ मध्ये भारतात आला आणि त्याने अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचीही लाकडी ठशांची चित्रे केली, त्यांतला प्रकाश आणि सावल्या त्याच्या जपानी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. उपासकांचे समाधान झाले की नाही सांगता येत नाही. पण जाताना त्यांनी एक प्रत मागून नेली.

चित्राखाली तीन नावे कोरली आहेत. काढणाऱ्याचे, कापणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे.

दुसरे चित्र यशोधरेचे. ते अजून झालेले नाही, कारण वर्गात वाद चालू आहे. मुलांचे म्हणणे की ती उभी असावी आणि राहुल तिच्या कडेवर. त्या आठवीच्या मुलीचे म्हणणे की दोघेही समोरासमोर खाली बसलेले असावेत, कारण महत्त्वाचे बोलायचे असले की घरात माणसे बसून बोलतात. मला तिचे पटते आहे, पण मी बोललो नाही. मोठे रबर लागणार आहे, आणि आमच्याकडची जुनी स्लिपर संपली आहे.

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, विहारात किंवा जुन्या दिवाळी अंकात रोहिणीच्या प्रसंगाचे किंवा यशोधरेच्या संमतीचे चित्र असेल, तर त्याचा फोटो साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावा. चित्र कुणी काढले, कुणी छापले, कोणत्या वर्षी, एवढे मागे लिहावे. चांगली आलेली चित्रे संपादकांना विनंती करून कुटुंबाच्या पानावर छापून घेऊ. ज्यांची मुले चित्रे काढतात त्यांनी ती मुलाच्या नावानिशी पाठवावीत, वहीच्या कागदावर असली तरी चालतील.